विंगेतला आवाज

कानडी मुलखातल्या कॉटनपेटेत, तिथल्या मराठा मंडळींत बारसं असो की बारावं, घरच्या बाईपुढे पहिला प्रश्न हाच उभा राहायचा, की नागोजीरावांना बोलवायचं का. त्याला लागूनच दुसरा यायचा: त्यांना गाळलं तर त्यांची बायको रत्नाक्का कशी येईल? दुसऱ्या प्रश्नापाशी आला की पहिला मुकाट खाली बसायचा, आणि नागोजीरावांना बोलावणं जायचं.

नागोजीराव मिलमध्ये कापड तपासायला होते. विणून आलेला ताका उजेडासमोरच्या तिरक्या टेबलावरून सरकत जायचा आणि त्यातला दोष हेरून त्यांनी खडूची फुली मारायची, एवढंच काम. सुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पडलेली वीण. चांगल्या कापडाबद्दल काही बोलायची पद्धत त्या खात्यात नव्हतीच. चांगलं कापड नुसतं पुढे जायचं. संध्याकाळी भोंगा झाला की नागोजीराव काळी टोपी डोक्यावर दाबून घरी निघायचे, पण डोळे काही त्यांच्याबरोबर सुटायचे नाहीत.

आप्पाजी मास्तरांचे वडील गेले तेव्हाची गोष्ट. आप्पाजी शाळामास्तर, शिवाय गणपतीत मंडळींचं नाटक लिहून बसवायचे, म्हणून माणसं खूप जमली होती. सगळे खाली माना घालून उभे. नागोजीराव दर्शनाला वाकले. लोकांना वाटलं पायांवर हात ठेवताहेत. त्यांनी वरच्या कोऱ्या कापडाचा काठ दोन बोटांत धरला, चोळून पाहिला आणि म्हणाले,

"आप्पाजी, हे कुठनं आणलंत?"

आप्पाजींनी रडवेला चेहरा वर केला. "चिकपेटेतनं. का?"

"फसवलं तुम्हाला. वीण विरळ आहे. एका धुण्यात संपेल."

कुणीतरी खोकलं. खंडोजींनी, म्हणजे नागोजीरावांच्या एकुलत्या एक मित्रानं, त्यांना दंडाला धरून अंगणाबाहेर नेलं. घरी जाताना नागोजीराव दोन पावलं पुढे आणि रत्नाबाई मागे.

"काय चुकलं माझं?"

"काही नाही."

"खोटं बोललो का?"

"नाही."

"मग?"

"अहो, ते कुणी धुणार आहे का?"

नागोजीराव थोडं चालले. मग म्हणाले, "प्रश्न धुण्याचा नाही. प्रश्न मालाचा आहे."

आणि ते मनापासूनच बोलत होते. दुःखात असलेल्या माणसाला दुकानदारानं फसवावं हे त्यांना सहन झालं नव्हतं, इतकंच. पण असं काही आतलं त्यांच्या तोंडातून बाहेर पडताना वाटेत कुठे अडकायचं कोण जाणे, बाहेर यायची ती नुसती फुली. एका बारशात बाळ कुणावर गेलंय याची चर्चा चालली होती. आजी म्हणे डोळे आमच्याकडचे, आत्या म्हणे कपाळ आमच्याकडचं. नागोजीरावांनी पाळण्यात नीट वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "नाक मात्र थेट आमच्या विव्हिंग मास्टरसारखं आहे." बाळाचा बाप त्याच मिलमध्ये होता. होसकोट्याला खंडोजींच्या बहिणीचं लग्न होतं, तिथं नवऱ्याकडून आलेल्या शालूचा पदर उलटा करून त्यांनी भर मांडवात दाखवून दिलं, की हा सेकंडचा माल आहे, कोपऱ्यातला शिक्का खरवडून काढलाय. वरपक्ष जेवायला बसेना. खंडोजी पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

पण महिनाभरच. नागोजीरावांच्या आयुष्यातलं हे एक नवल होतं. असं काही झालं की चार-आठ दिवस माणसं तोंड फिरवायची आणि मग आपसूक नीट बोलायला लागायची. उलट त्यांना बघून गालात हसायचीसुद्धा. नागोजीरावांनी त्याचा अर्थ असा लावला होता, की खरं बोलणाऱ्याची किंमत लोकांना उशिरा का होईना कळते. मधल्या दिवसांत कधीतरी रत्नाबाई ओटीचा नारळ आणि मोगऱ्याचा गजरा घेऊन त्या घरी दुपारच्या जाऊन यायच्या, हे त्यांना ठाऊक होतं. बायकांचं असतंच काहीतरी, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही.

एक दिवस आप्पाजी मास्तरच घरी आले. वडिलांना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं, साल सत्तावन्न. रत्नाबाईंनी कॉफीचा लोटा समोर ठेवला. आप्पाजी म्हणाले,

"नागोजीअण्णा, यंदाच्या नाटकात रत्नाक्कांना घ्यावं म्हणतो."

"कशाला? साड्या सांभाळायला?"

"काम करायला. नायिकेचं."

आजवर नायिका खंडोजीच करायचे. वीस वर्षं केल्या. पण आदल्या वर्षी नऊवारी नेसून ते विहिरीकडे जीव द्यायला धावले तेव्हा पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं होतं, "अण्णा, विहिरीला सांगून ठेवलंय का?" तेव्हापासून खंडोजींनीच लुगड्याला रामराम केला होता.

"हिला काय येतं?" नागोजीराव म्हणाले.

"आमच्या घरी बघितलंय मी."

"काय बघितलंत?"

आप्पाजींनी रत्नाबाईंकडे पाहिलं. रत्नाबाईंनी लोट्याकडे पाहिलं.

"असंच," आप्पाजी म्हणाले. "बोलताना."

रत्नाबाईंनी त्या वेळी काही मागितलं नाही की नाकारलं नाही. पण त्या उभ्याच राहिल्या. लोटा उचलून आत जायला हवं होतं, तरी तिथंच उभ्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. लग्नाला सतरा-अठरा वर्षं झाली होती. कुठल्याही गोष्टीसाठी त्या अशा थांबलेल्या नागोजीरावांनी पाहिल्या नव्हत्या.

"बरं," ते म्हणाले. "मी आहेच विंगेत. चुकली तर सांभाळीन."

कारण प्रॉम्प्टर नागोजीराव होते. तीनशे वर्षं या मुलखात मुरलेली ही घरं, बोलायला मराठी आणि लिहायला कानडी. मराठी अक्षर झरझर वाचणारी माणसं गल्लीत दोन-तीन. नागोजीराव उमेदीच्या वयात सोलापूरच्या मिलमध्ये राहून आलेले, त्यामुळे नाटकाचं पुस्तक त्यांच्या हाती. बाकीच्यांनी आपली भाषणं कानडी अक्षरांत उतरवून घ्यायची नाहीतर ऐकून पाठ करायची. तीही धड पाठ व्हायची नाहीत, एकजण पहिल्या पाळीला तर दुसरा दुसऱ्या पाळीला. मग प्रयोगात नागोजीरावांनी विंगेतून वाक्य सोडायचं आणि स्टेजवरच्यानं ते झेलायचं, अशी रीतच पडली होती. खंडोजी तर म्हणायचे, "मी कुठे काम करतो? नागोजी सांगतो तसं करतो."

रत्नाबाईंना वाचता येत नव्हतं. नागोजीरावांनी चुलीपाशी पाटावर बसून वाचायचं आणि त्यांनी भाकरी थापता थापता म्हणायचं. ते दिवस मोठे छान गेले. एवढं सलग ती दोघं आपसांत कधी बोललीच नव्हती, आणि आता बोलत होती ती दुसऱ्याच कुणाची वाक्यं. नागोजीराव पुस्तकातून म्हणत, "मी तुझ्यावर फार अन्याय केला," आणि रत्नाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणत, "आता ते कशाला काढता." त्या महिन्यात नागोजीरावांनी आमटीला एकदाही नाव ठेवलं नाही.

नाटक साधंच होतं. एक रागीट माणूस आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ताट लाथाडून घरातून निघून जातो. बारा वर्षांनी परत येतो. दारात उभा राहून बायकोला विचारतो, "मला ओळखलंस?" आणि ती म्हणते, "पाय धुवून घ्या. पान वाढते." पडदा. हा रागीट माणूस आप्पाजींना कुठून सुचला असेल, असा विचार नागोजीरावांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. उलट खंडोजींना ते समजावत होते, "त्या माणसाची बाजू घेऊन काम कर. आमटीत मीठ नव्हतं हे खरंच आहे."

शेवटच्या आठवड्यात नागोजीरावांची दुसरी पाळी आली. दोन संध्याकाळी तालीम त्यांच्याशिवाय झाली. प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळी रत्नाबाईंनी कॉफी पुढे केली आणि तिथंच टेकल्या.

"अहो, त्या शेवटच्या दाराच्या जागी मी स्वल्प..."

"पाठ नाही?"

"पाठ आहे. पण आप्पाजी म्हणाले, तिथं..."

"आप्पाजींनी काय ते स्टेजवर म्हणावं. पुस्तक माझ्या हातात आहे. चुकलीस तर मी आहे ना?"

"चुकायचं नाही हो. तिथं मी जरा..."

"बोलत बसलीस, ही कॉफी गार झाली बघ."

रत्नाबाई लोटा उचलून आत गेल्या. कॉफी गरम करून आणली.

प्रयोग शाळेच्या पटांगणातल्या मांडवात होता. कॉटनपेट, बळेपेट, चिकपेट, सगळीकडची घरं लोटली होती. नायिकेच्या लुगड्यात खरोखरची बाई, आणि तीही रत्नाक्का, हे बघायला आलेल्या बायकांनी पुढच्या सतरंज्या भरून गेल्या. डाव्या विंगेत एक बल्ब टांगून, त्याखाली स्टुलावर नागोजीराव. बाकीच्यांना त्यांनी नेहमीसारखी वाक्यं पुरवली. रत्नाबाईंना एकही द्यावं लागलं नाही. दुसऱ्या अंकात त्या एकट्या बसून बोलतात तिथं बायका पदर डोळ्यांना लावताना त्यांना विंगेच्या फटीतून दिसल्या. नागोजीरावांचा ऊर भरून आला. आपण शिकवलं, असं त्यांना वाटलं.

शेवटचा प्रवेश आला. खंडोजी दाढी लावून, धुळीनं माखून दारात. नागोजीरावांच्या जागेवरून रत्नाबाईंची फक्त पाठ दिसत होती, आणि चौकटीवर ठेवलेला एक हात.

"मला ओळखलंस?" खंडोजी म्हणाले.

रत्नाबाई काही बोलल्या नाहीत.

नागोजीरावांनी पुस्तकात पाहिलं. पुढचं वाक्य तिथंच होतं. वर पाहिलं. तो हात चौकटीवर तसाच. मांडवात एवढी शांतता, की पेट्रोमॅक्सची फुरफुर ऐकू यावी. विसरली. भरल्या मांडवात, या शेवटच्या वाक्याशी, विसरली.

"पाय धुवून घ्या," ते कुजबुजले.

काही नाही.

"पाय धुवून घ्या. पान वाढते."

हात चौकटीवर जरा घट्ट झाला. पण शब्द नाही. तिची फजिती होतेय, आपल्या देखत होतेय, आणि ऐकू कसं जात नाही हिला? ते स्टुलावरून उठले.

"पाय धुवून घ्या. अगं, पाय धुवून घ्या म्हण की. काल तर पाठ होतं."

हे शेवटचं पार मागच्या रांगेपर्यंत गेलं. आधी एक बाई फिसकन हसली. मग सतरंज्या. मग सगळा मांडव. मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, तुम्हीच धुवा आधी." आणि वीस वर्षं प्रॉम्प्टरचं ऐकायची सवय लागलेले खंडोजी गोंधळून म्हणाले, "बरं," आणि पाय धुवायला सरळ आत निघून गेले.

रिकाम्या दारासमोर रत्नाबाई उभ्या राहिल्या. हसणं ओसरेपर्यंत थांबल्या. मग कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "पाय धुवून घ्या. पान वाढते." पडदा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नाटकातल्या लुगड्याच्या घड्या घालत होत्या. नागोजीराव दाढी करता करता आरशातून म्हणाले,

"होतं असं. मोठमोठे नट विसरतात. मी होतो म्हणून निभावलं."

"मी विसरले नव्हते."

"मग?"

"थांबले होते."

"थांबायचं कशाला? पुढे वाक्य होतं."

रत्नाबाईंनी घडी गुडघ्यावर दाबली. "आप्पाजींनी सांगितलं होतं, लगेच बोलू नका. आधी त्याच्या पायांकडे बघा. मग तोंडाकडे. ही आता दार लावून घेते की काय, असं लोकांना वाटू द्या. वाटलं होतं हो त्यांना. मला कळत होतं ते. समोरच्या सगळ्या श्वास धरून बसल्या होत्या." पुढची घडी घालत म्हणाल्या, "तेच सांगत होते तुम्हाला, परवा."

वस्तरा गालावरच राहिला. परवाची कॉफी नागोजीरावांना आठवली. त्यांनी तोंड उघडलं. आत जे काही होतं ते बाहेर यायला निघालं, आणि वाटेत अडकलं.

"मग पुस्तकात तसं लिहायला नको का?" ते म्हणाले.

ते तडक आप्पाजींकडे गेले. सांगायचं होतं एवढंच, की चूक माझी, तिची नाही. प्रत्यक्षात म्हणाले, "आप्पाजी, प्रॉम्प्टरला न कळवता बदल करता म्हणजे काय? तुमच्यामुळे माझ्या बायकोचं हसं झालं." आप्पाजी हात जोडून म्हणाले, "सरी, बरोबर आहे तुमचं, अण्णा. माझंच चुकलं." आणि दार लोटून घेतलं.

गणपती गेल्यावर सत्यनारायण होता. लोक प्रसादाला जमले. आता सगळ्यांसमोर सांगून मोकळं व्हावं म्हणून आरतीनंतर नागोजीराव उभे राहिले. घसा खाकरला.

"माझी बायको विसरली नव्हती. ती मुद्दाम गप्प उभी होती. तुम्हाला ते कळलं नाही, हा दोष तुमचा. मला कुणी सांगितलं नाही, हा दोष आप्पाजींचा. तिचा काही दोष नाही."

खंडोजी त्यांच्या धोतराचा सोगा ओढत होते. बायकांत रत्नाबाई बसल्या होत्या, त्यांनी हातातला प्रसाद खाली ठेवला. मागून एका पोरानं बारीक आवाजात म्हटलं, "पाय धुवून घ्या," आणि विसरून गेलेली निम्मी मंडळीसुद्धा पुन्हा पोट धरून हसली. तेव्हापासून ते वाक्य गल्लीत राहायलाच आलं. नागोजीराव रस्त्यानं चालले की एखाद्या ओट्यावरून यायचं.

त्यांनी वाट पाहिली. चार-आठ दिवस गेले की माणसं आपसूक नीट होतात, हा त्यांचा अनुभव होता. या वेळी पंधरवडा गेला, दिवाळी गेली, आप्पाजी समोरून आले की पलीकडच्या कडेनं जायचे. संक्रांतीला बळेपेटेतल्या एका घरी नागोजीरावांनी एळ्ळू-बेल्लातलं, म्हणजे तीळगुळातलं, खोबरं खवट आहे असं सांगितलं, तर त्या घरचंही बोलणं बंद झालं ते झालंच. बोलावणी कमी झाली. एका बारशाला रत्नाबाईंना एकटीला निरोप आला, तेव्हा त्याही गेल्या नाहीत.

शेवटी नागोजीरावांनी खंडोजींना विचारलं. दोघं मिलच्या फाटकाबाहेर भुईमुगाच्या शेंगा खात उभे होते.

"लोकांना यंदा झालंय काय?"

"लोकांना काय व्हायचंय?"

"पूर्वी मी बोललो तरी विसरायचे."

खंडोजींनी एक शेंग फोडली, दाणे हातावर चोळले. "नागोजी, तुला खरंच ठाऊक नाही? विसरायचे कसले. रत्नाक्का यायची घरी. तुझी नक्कल करून दाखवायची."

"माझी?"

"तुझी. टोपी नाही तर डोक्यावर वाटी घालून. आप्पाजींकडे तो कापडाचा प्रसंग केला तिनं, तेव्हा सुतकातलं घर हसलं. आप्पाजींची आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा जेवली त्या दिवशी. आमच्याकडे शालूचा केला. आमची ही तर म्हणाली, तुमच्या मित्राला वरचेवर काही बोलायला लावा, म्हणजे रत्नाक्का येईल." खंडोजी हसले, मग हसणं आवरलं. "तुझ्याकडचं वाईटपण घ्यायची आणि त्याची गंमत करून परत द्यायची. आता नाही येत ती. कुणाकडेच नाही येत."

नागोजीरावांना राग यायला हवा होता. आख्ख्या पेटेत आपली नक्कल, आणि तीही घरच्या बाईनं. त्यांनी राग शोधला. सापडला नाही.

"कशी करायची?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"करून दाखव ना."

खंडोजींनी मान ताठ केली, भुवया वर ओढल्या, दोन बोटांत हवेतलं कापड धरलं. "फसवलं तुम्हाला," ते जाड आवाजात म्हणाले. मग हात खाली टाकले. "छे. मला नाही येत. त्यात तू दिसायचास. राग यायचा तुझा, आणि कीवही यायची. तिचं ते तिलाच जमायचं."

पुढच्या गणपतीच्या आधी आप्पाजींनी मोठेपणा करून खंडोजींच्या हाती पुन्हा विचारणा पाठवली. नागोजीरावांनी त्या दिवशी घरी येताना मोगऱ्याचा गजरा आणला. तो रत्नाबाईंच्या हातात द्यावा की कोनाड्यात ठेवावा हे न समजून खिशातच ठेवला.

"या वर्षी कर काम," ते म्हणाले. "मी विंगेत नसेन. पुस्तक देऊन टाकलं मी."

रत्नाबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. नागोजीरावांना वाटलं, आता ती पदराचं टोक बोटाला गुंडाळेल. ती काही बोलायच्या आत त्यांना धीर द्यावासा वाटला.

"आणि भूमिका लहानच आहे म्हणे. विसरण्यासारखं त्यात काही नाही."

हात पुन्हा तांदळात फिरायला लागला. "आता नको," रत्नाबाई म्हणाल्या. गजरा दुसऱ्या दिवशी खिशात चुरगळलेला सापडला, तो नागोजीरावांनीच तुळशीत टाकला.

मग वर्षं गेली. नायिका कधी कुणाची मेहुणी झाली, कधी कुणाची भाची. रत्नाबाई नाटकाला जायच्या, मागच्या रांगेत बसायच्या, संपलं की उठायच्या. घरात दोघांचं चाललं होतं तसं चाललं होतं. नागोजीराव आमटीला नाव ठेवायचे, मग ठेवलं म्हणून गप्प व्हायचे, मग गप्प का असं रत्नाबाईंनी विचारलं की चिडायचे.

त्रेसष्ट साली आप्पाजींनी तेच जुनं नाटक पुन्हा काढलं. नायिका खंडोजींची सून, कावेरी. चुणचुणीत पोर, शिकलेली, पण शाळा सगळी कानडी. भाषणं पाठ करून घ्यायला ती रोज संध्याकाळी रत्नाबाईंकडे यायला लागली. पुस्तक न वाचताही त्यांना अख्खं नाटक अजून पाठ होतं. नागोजीरावांची तेव्हा दुसरी पाळी होती, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

एक दिवस मिलची वीज गेली आणि माणसं लवकर सोडली. नागोजीराव घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. आतून कावेरीचा आवाज येत होता.

"पण अक्का, किती वेळ गप्प राहायचं? लोकांना वाटेल मी विसरले."

"वाटू दे. तू इथं उभी राहा. तू तो नवरा हो. मला विचार."

नागोजीराव बोळातच थांबले. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, आणि दारात रत्नाबाई, या वेळी समोरून.

"मला ओळखलंस?" कावेरीनं जाड आवाज काढून विचारलं.

रत्नाबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. कावेरीच्या पायांत पैंजण होते, पण रत्नाबाईंनी पाहिले ते दुसरेच कुणाचे पाय, फुटलेले, लांबून आलेले. नजर हळूहळू वर चढली. हात चौकटीवर गेला. बोटं आवळली. त्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग संताप आला, इतका, की नागोजीराव बोळात एक पाऊल मागे सरले. ही दार लावणार, असं त्यांना वाटलं. लाव, असंही वाटलं. मग तो संताप तिथंच राहिला आणि त्याच्या मागून काहीतरी दुसरं वर आलं, थकलेलं, ओळखीचं, आणि बोटं एकेक करून सैल पडायला लागली. आपण सहा वर्षांपूर्वी कशावर ओरडलो होतो, हे नागोजीरावांनी पहिल्यांदा पाहिलं.

चुलीवरचं दूध चढत होतं. त्यांना ते दिसत होतं.

"दूध उतू जातंय," ते म्हणाले.

रत्नाबाई दचकून वळल्या. पातेलं उतरवलं. कावेरी पदर सावरत "येते अक्का, उद्या येते" म्हणून त्यांच्या बाजूनं निघून गेली. सांडलेल्या दुधाचा जळका वास घरभर पसरला. नागोजीरावांनी टोपी काढली, पाटावर बसले. रत्नाबाई चूल पुसत होत्या.

"पुन्हा करशील?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तेच. आता करत होतीस ते. आता मी होतो तो नवरा. मी विचारतो तुला."

फडकं थांबलं. त्यांना वाटलं, ही आता चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. रत्नाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, जरा हसल्याही.

"तुमच्यासमोर नाही व्हायचं ते."

"राग आहे अजून?"

"राग कधीच गेला हो. राग नाही. पण तुम्ही असलात की गप्प उभं राहायला गेलं तरी आधी तुमचाच आवाज ऐकू येतो मला. विंगेतला. मग मला घाई होते." त्यांनी फडकं पिळलं. "त्याला तुम्ही काय करणार आणि मी काय करणार. हातपाय धुता ना? जेवायला वाढते."

नागोजीराव उठले. हातपाय धुतले. जेवले. आमटीत मीठ बरोबर होतं. ते सांगावं असं त्यांच्या मनात आलं, पण ते कसं सांगतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांची पहिली पाळी सुरू झाली. संध्याकाळी ते घरी असणार म्हटल्यावर कावेरी यायचं टाळेल, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. भोंगा झाला की ते घराकडे न वळता चिकपेटेत हरी शिंप्याच्या दुकानाबाहेरच्या फळीवर जाऊन बसायला लागले. दिवे लागेपर्यंत बसायचे. हरीनं चार दिवस पाहिलं, पाचव्या दिवशी मशीनचा पाय थांबवून विचारलं,

"नागोजीअण्णा, रोज इथं? घरी काही भानगड?"

"घरी नाटक चाललंय. तालीम."

"रत्नाक्का शिकवताहेत म्हणे. लोक सांगतात, फार बघण्यासारखं आहे. मग तुम्ही बघत नाही का?"

नागोजीरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. समोरून कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल चालले होते.

"मी नसलो की चांगलं होतं," ते म्हणाले.

हरीनं पुन्हा मशीन सुरू केलं. नागोजीराव थोडा वेळ त्याच्या सुईकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले,

"ती शिवण तिरकी चाललीय."

"माहीत आहे अण्णा," हरी म्हणाला. "बसा तुम्ही."